दाराखालची वीट

६ नोव्हेंबर

आज पोहोचले. ही दैनंदिनी ठेवण्यामागील हेतू आरंभीच स्पष्ट करते: या कामावर पुढे मला जे लिहायचे आहे, त्याला आठवणींचा नव्हे, नोंदींचा आधार हवा. हळहळ नोंदवायला इतर मंडळी पुष्कळ आहेत.

गेल्या वर्षीच्या वादळात समुद्र नदीत शिरला आणि नदी वस्तीत. निम्मी वस्ती वाहून गेली. जी घरे उरली ती का उरली, याला शास्त्रीय उत्तर नाही. बांधणाऱ्यांनी सगळीच सारख्या निष्काळजीपणे बांधली होती. बेघर कुटुंबे शाळेच्या सभागृहात राहतात. दोन कुटुंबांमध्ये एक दोरी, दोरीवर चादर, आणि त्या चादरीला सगळे गंभीरपणे ‘भिंत’ म्हणतात. मदत म्हणून आलेल्या जाड लोकरी ब्लँकेटांचा ढीग व्यासपीठावर पडला आहे. येथे सुती पांघरूणही नकोसे होते. पाठवण्यापूर्वी एवढे विचारण्याची तसदी कोणी घेतलेली नाही. निदान मुलांना त्या ढिगावर उड्या मारायला मिळतात.

माझी थोरली बहीण याच सभागृहात राहते. भाऊजी त्या वादळात गेले. माझ्याकडे शहरात राहायला ये, असे मी तिला किती वेळा सांगितले असेल. ती विषय बदलते. मी केवळ तिच्यासाठी येथे आले, असा वस्तीचा समज झालेला दिसतो. तो मी दुरुस्त केला. वादळात टिकणाऱ्या घरांवर माझे जे संशोधन आहे, त्यासाठी मदतसंस्थेने मला बोलावले आहे. ताई म्हणाली, “बरं, त्यांनी बोलावलं म्हणून ये. पण आधी हातपाय धू.”

सभागृहात तिने निवडलेली जागाही विचित्र आहे: थेट दाराशी. येणाऱ्या-जाणाऱ्याचा पाय तिच्या अंथरुणाला लागतो. आत पंख्याखाली जागा मोकळी असल्याचे मी तिच्या निदर्शनास आणून दिले. “इथं बरं वाटतं,” एवढेच ती म्हणाली.

१४ नोव्हेंबर

घराचा आराखडा अंतिम केला. जोते पुराच्या रेषेहून उंच. भिंतींत पायापासून छपरापर्यंत अखंड सळई, म्हणजे वाऱ्याला घर उचलायचे असेल तर त्याला जमीनही उचलावी लागेल. दारे-खिडक्यांना चहूबाजूंनी रबरी पट्टी, आणि आतून दोन अडसर. बंद केल्यावर पाणी नाही, वारा नाही, धूळ नाही. मी आजवर केलेल्या कामांत हे सर्वांत निर्दोष आहे, असे लिहिण्यात मला संकोच वाटत नाही. पहिले घर नमुन्याचे असेल आणि ते ताईचे असेल.

मुकादमाची ओळख झाली. त्याला काहीही विचारा, उत्तर एकच: “होईल.” सिमेंट येईल का? होईल. वाळू चाळली का? होईल. गवंडी त्याला पाठीमागे ‘होईल’ असेच म्हणतात. ‘झाले’ हा शब्द त्याच्या तोंडून निघेल तो दिवस मी येथे लाल शाईने लिहीन.

२ डिसेंबर

घरांच्या मांडणीवरून सभा. सगळी घरे एका ओळीत, वाऱ्याकडे पाठ, सगळी दारे एकाच दिशेला. कारण इतके उघड आहे की ते समजावावे लागणे हाच माझ्या संयमाचा अपमान होता. तरी लोकांचे एकच टुमणे: दारे समोरासमोर असू देत. का, तर पूर्वी तशी होती. पूर्वीची घरे आज कुठे आहेत, असे मी विचारले.  युक्तिवाद अचूक होता. मात्र तो करून मला वाटायला हवे होते तेवढे समाधान वाटले नाही.

सर्वांत मोठा आवाज बेकरीवाल्याचा. अवघी वस्ती त्याला ‘कर्णा’ म्हणते, आणि ते यथार्थ आहे. पूर्वी पहाटे भट्टी पेटवताना तो शेजारच्या दाराला हाक मारायचा, तो पुढच्याला, आणि पाव तयार असल्याची बातमी नदीपर्यंत पोहोचायची. पाण्याची बातमीही तशीच फिरायची म्हणे. मी सांगितले की संस्था उंच खांबावर विजेवर आणि बॅटरीवर चालणारा भोंगा बसवणार आहे. हाकारे घालण्याचे दिवस संपले. यावर तो म्हणाला, “मॅडम, मग मी काय फक्त पावच भाजू?” सगळे हसले. गप्पांची हौस आणि नगररचना यांतला फरक या लोकांना कळत नाही.

ताईने सभेत एकच प्रश्न विचारला: तिच्या दारातून कर्ण्याचे दार दिसेल का. नाही, तिच्या दारातून टेकडी दिसेल, आणि टेकडी अधिक सुंदर आहे. तिने मान हलवली.

११ जानेवारी

काम चांगले. दोनदा भिंत उतरवून पुन्हा बांधून घेतली. गवंडी माझ्यावर नाराज आहेत. ओळंबा माझ्या बाजूने आहे.

ताईबद्दल एक गोष्ट नोंदवते. सभागृहात दिवसभर कोणी ना कोणी कोणाला हाक मारत असते: आई मुलाला, सासू सुनेला. ज्याला हाक मारली तो ऐकत नाही, पण ताई हटकून “ओ” देते. बोलता बोलता, भात ढवळता ढवळता. मग तिच्या लक्षात येते आणि ती ओशाळते. मुले आता मुद्दाम तिची गंमत करतात. मी त्यांना खडसावले, तर ताई माझ्यावरच रागावली. “राहू दे गं, ओ द्यायला काय लागतं,” म्हणाली. वय होत चालले तिचे. शहरात आणून कान आणि रक्तदाब दोन्ही तपासून घ्यायला हवेत.

२० फेब्रुवारी

नमुना घर पूर्ण झाले. आज त्याची पाण्याची चाचणी घेतली. मी आत उभी राहिले, दोन्ही अडसर लावले, आणि बाहेरून मुकादमाच्या माणसांनी पंपाच्या जाड नळीने दारावर, खिडक्यांवर, छपराच्या कडेवर पाण्याचा मारा केला. मी टॉर्च घेऊन प्रत्येक सांधा पाहिला. थेंब नाही. इतकेच नव्हे, आवाजही नाही. बाहेर पंप धडधडत होता, हे मला माहीत होते म्हणून माहीत होते. इतकी शांतता मी माझ्या अभ्यासिकेतही अनुभवलेली नाही. मी मुद्दाम आणखी थोडा वेळ आत थांबले. का, ते सांगता येणार नाही, बहुधा अभिमानाने.

दार उघडले तर ताई ओट्यावर चिंब भिजून बसलेली. जेवणाचा डबा खाली सांडलेला. तिचे दोन्ही हात लाल झाले होते आणि आवाज पूर्ण बसला होता. ती केव्हापासून दार बडवत आणि हाका मारत होती म्हणे. पंप बंद करा म्हणून मुकादम धावला, गवंड्यांनी तिला आवरायचा प्रयत्न केला, पण ती दार सोडेना. मी हसून म्हणाले की हे तर माझ्या दाराचे प्रमाणपत्रच झाले. ती माझ्या तोंडावरून हात फिरवून निघून गेली. 

डबा घेऊन चाचणीच्या मध्ये यायची काय गरज होती, हे मला अद्याप कळलेले नाही. तळहात सुजले आहेत, हळद लावून दिली.

७ मार्च

किल्ली देण्याचा समारंभ. संस्थेच्या समन्वयक बाईंनी फीत, फुले आणि छायाचित्रकार आणला. ताईने किल्ली घेतली, सगळ्यांना नमस्कार केला, घराचे मनापासून कौतुक केले, चहा सर्वांना मिळाला की नाही ते पाहिले आणि संध्याकाळी सभागृहात आपल्या दाराजवळच्या अंथरुणावर परत गेली.

१८ मार्च

ती अजून तेथे राहायला गेलेली नाही. रोज सकाळी जाते, झाडते, पुसते, खिडकीत तुळतुळीत घासलेला तांब्या ठेवते आणि परतते. दुपारी गेले तर दार सताड उघडे. ते मिटू नये म्हणून खाली एक वीट सरकवलेली. बांधकामावरची, कोपरा उडालेली, म्हणजे मी नाकारलेली. वीट रबरी पट्टीवर घासते आणि पट्टी फाटते. मी वीट उचलून बाहेर टाकली.

१९ मार्च

वीट पुन्हा दाराखाली.

२७ मार्च

शाळा पुढच्या महिन्यात सुरू होते आहे. सभागृह रिकामे करायचे आहे. इतर कुटुंबांना त्यांची घरे होईपर्यंत संस्था तंबू देणार. ताईने काय ठरवले असेल? ती नदीकाठच्या जुन्या खोलीत परत जाणार. एक भिंत पडली आहे, छपराच्या जागी ताडपत्री आहे, आणि वादळाचे दिवस महिन्यावर आले आहेत.

मी पुष्कळ बोलले. म्हणाले की ती खोली पुढचे वादळ पाहणार नाही, आणि तिच्यात राहणारीही पाहणार नाही. म्हणाले की माझ्या आयुष्यभराच्या विद्येने मी तिच्यासाठी घर बांधले आणि ती ते शोभेच्या तांब्यासारखे पुसून ठेवते आहे. कृतघ्न हा शब्द उच्चारला नाही. पण वाक्य अशा रीतीने रचले की तो ऐकू यावा. ताई म्हणाली, “तुझं काही चुकलं नाही गं. मलाच तिथं झोप लागायची नाही.” मग विचारले, मी जेवले का. मी जेवले नव्हते, तरी हो म्हणाले.

हट्ट आमच्या घराण्यात आहे. माझ्या वाट्याला त्याचा उपयोगी भाग आला असे मी मानत होते.

३ एप्रिल

ही नोंद करणे मला अतिशय अप्रिय आहे. म्हणून सविस्तर करते.

आज भोंग्याची पहिली चाचणी ठरली होती. मी ताईच्या घरात होते. फाटलेली पट्टी बदलली, वीट बाहेर काढली, दार लावून पट्टी नीट बसली का ते पाहत राहिले. ठरलेली वेळ उलटून गेली. भोंगा वाजला नाही. मी तेथेच बसून समन्वयक बाईंना कडक शब्दांत कळवले की ज्या यंत्रावर इतक्यांचे प्राण अवलंबून आहेत ते पहिल्याच दिवशी मुके निघावे ही बेजबाबदारी आहे, आणि याला जबाबदार कोण ते मला लेखी हवे.

मग दार उघडून बाहेर आले आणि मुकादमाला विचारले, भोंगा का वाजला नाही.

तो म्हणाला, “वाजला की, मॅडम. दोनदा वाजला.”

मागे गवंडी कानांत बोटे घालून अजून हसत होते. नदीपलीकडची कुत्रीसुद्धा अजून भुंकत होती. या माणसाच्या तोंडून काही तरी पूर्ण झाल्याचे मी प्रथमच ऐकले, आणि ते हे.

त्याला पुन्हा भोंगा वाजवायला सांगितले, आणि आत जाऊन दार लावले. कान दाराला लावल्यावर एक बारीक गुणगुण आली. डास असता तर हाकलला असता. वारा सुटलेला असताना तेवढीही येणार नाही.

मी पाणी, वारा, धूळ बाहेर ठेवली. धोक्याची सूचनाही बाहेर ठेवली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने हा आराखडा आणला असता तर मी तो सगळ्या वर्गासमोर परत केला असता.

समन्वयक बाईंना दुसरा निरोप पाठवला. त्यातील शब्द कडक नव्हते.

४ एप्रिल

ताईला सांगायला गेले. ती सभागृहाच्या मागे सर्वांच्या जेवणासाठी कांदे चिरत होती. मी भोंग्याचा प्रकार सांगितला, वाटले, हसेल. ती हसली नाही. “मला वाटलं, तुला माहीत आहे,” म्हणाली. “दार लावलं की बाहेरचं काही ऐकू येत नाही. म्हणून तर मला तिथं झोप येत नाही.”

मी म्हणाले की वादळात माणसाला तेच हवे असते.

“मलाही तेच हवं होतं त्या दिवशी,” ती म्हणाली. सुरी थांबली नव्हती. “वाऱ्याच्या आवाजानं जीव घाबरा झाला होता. दार लावलं, खिडक्या लावल्या, फटींत चिंध्या कोंबल्या. हे म्हणाले, नदी बघून येतो, तू आत थांब. परत आले तेव्हा दारात पाणी होतं. बाहेरून दार उघडेना. त्यांनी हाका मारल्या, खूप मारल्या. कर्ण्याला त्याच्या माडीवर ऐकू आल्या, मला नाही. तो छपरावरून आला, कौलं काढून मला वर ओढलं. तोवर दारात कोणी नव्हतं.” मग म्हणाली, “मी आतच होते गं. दाराच्या एवढ्या जवळ.”

तिच्या हातांची सूज मला आठवली. हळद मीच लावली होती.

अशा वेळी बोलायची वाक्ये असतात. ती मला माहीत आहेत, इतरांच्या दुःखात मी ती वापरली आहेत. त्यांऐवजी मी दुसरी सुरी घेतली आणि उरलेले कांदे चिरू लागले. थोड्या वेळाने तिने माझ्या ताटाकडे पाहिले. “बघ, सगळे एका मापाचे. हे असते तर म्हणाले असते, फूटपट्टी आली.” भाऊजी मला फूटपट्टी म्हणायचे. मला ते कधी आवडले नाही. आज डोळ्यांत पाणी आले, कांदे होतेच.

९ एप्रिल

समन्वयक बाईंचे म्हणणे: प्रत्येक घरात आत एक घंटी बसवा, मोबाइलवर संदेश पाठवा, घर तसेच राहू द्या, छायाचित्रे छापून गेली आहेत. मी विचारले की गेल्या वादळात मोबाइलचा मनोरा किती वेळ उभा होता. त्यांनी चौकशी करून सांगितले: सर्वांत आधी तोच पडला.

घंटीला माझी हरकत नाही, बसवू. पण मला घरात हाक यायला हवी आहे. हे वाक्य मी सभेत उच्चारले आणि स्वतःच थोडी चमकले, कारण ते तांत्रिक वाक्य नाही.

१५ एप्रिल

दाराच्या वर, पडवीच्या छपराखाली झरोका काढला. आडव्या पट्ट्या, त्यांच्या मागे उलट्या उताराच्या पट्ट्या: पाण्याला दोनदा वळावे लागते आणि ते दुसऱ्या वळणावर गळून पडते; आवाज वळून आत येतो. पंपाची चाचणी पुन्हा घेतली. ओंजळभर पाणी आत आले. ओंजळभर पाणी मी मान्य केले. असे वाक्य माझ्या कोणत्याही लिखाणात पूर्वी आलेले नाही.

बाकीच्या घरांची मांडणीही बदलली. नुसती जोतीच झाली होती. निम्मी मोडावी लागली. आता दोन-दोन घरे समोरासमोर, मध्ये लहानसे अंगण. ताईच्या समोरच्या घराचे दार वाऱ्याच्या तोंडी येते, म्हणून त्याच्यापुढे आडभिंत घालावी लागते. ती दिसायला वाईट आहे. नकाशावर तर असह्य आहे. ते घर कर्ण्याचे, आणि वादळापूर्वी तेवढे एकच दिवसरात्र काम करून उभे करायचे आहे.

पुन्हा सभा घेऊन मी सांगितले की मांडणीबाबत लोकांचे म्हणणे योग्य होते आणि माझे अपुरे होते. टाळ्या वगैरे काही पडल्या नाहीत. कर्ण्याने एवढेच विचारले की त्याला पावाशिवाय आणखी काही काम मिळणार का. सकाळी भोंगा तपासून पहिली हाक मारायचे काम त्याला दिले आहे.

२४ एप्रिल

सभागृह रिकामे झाले. मुले ब्लँकेटांच्या ढिगाला निरोप द्यायला तयार नव्हती.

ताई सामान घेऊन घरात आली. पण वीट दाराखालीच आहे. झरोका दाखवला, पट्ट्यांचे तत्त्व समजावले. तिने नीट ऐकून घेतले, शाबासकी दिली आणि दार उघडेच ठेवले. दार उघडे राहिले तर वादळात ते घर घर नाही, पेटी आहे, आणि वारा तिचे झाकण उचलतो. हे मी तिला सांगितले नाही. तिला ते माहीत आहे. आकडे सांगून ही वीट हलणार नाही, एवढे मला आता कळते. मग कशाने हलेल, ते कळत नाही.

५ मे

सकाळी भोंगा वाजला. खरा. घरात ऐकू आला. तंबूंतली कुटुंबे पुन्हा शाळेच्या सभागृहात गेली.

मी कर्ण्याच्या घरी होते. आडभिंतीचा शेवटचा गिलावा पाहायला गेले आणि अडकले. दुपारपर्यंत वाऱ्याने अंगण ओलांडणे अशक्य केले. कर्ण्याच्या बायकोने सगळ्यांना पाव आणि चहा दिला. घराची एकही कडी वाजली नाही. माझे लक्ष मात्र घराकडे नव्हते. दाराशेजारच्या खिडकीच्या काचेतून, आडभिंतीच्या कडेने, समोरचे ताईचे दार तिरके दिसत होते: उघडे. अंगणात घुमणारा पाऊस आत शिरत होता. वीट जागच्या जागी.

मी स्टुलावर चढून झरोक्याशी तोंड नेले आणि हाक मारली. माझा आवाज व्याख्यानाचा आहे. सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचतो, पण तेथे वारा नसतो. उत्तर आले नाही. कर्णा म्हणाला, “मॅडम, असं नाही. पोटातून मारा. लाज सोडून.” तो स्वतः मारू शकला असता. त्याने मारली नाही.

मी लाज सोडली. “ताई,” अशी जी हाक मी मारली, तशी मी बहुधा परकर-पोलक्यातल्या वयानंतर मारली नसेल.

क्षणभर फक्त वारा. मग समोरून, वरच्या पट्ट्यांतून, स्पष्ट:

“ओ.”

मी पुन्हा हाक मारली. पुन्हा ओ. तिसऱ्यांदा मी काही बोलण्यापूर्वी तिकडूनच आवाज आला: “फूटपट्टी, जेवलीस का?” कर्ण्याच्या घरातली सगळी माणसे माझ्याकडे पाहू लागली. हे नाव आता वस्तीभर होणार, यात शंका नाही.

“जेवले,” मी ओरडले. मग म्हणाले, “दार लाव, ताई. मी इथंच आहे. हाका मारत राहीन.”

समोर काही वेळ काहीच हलले नाही. मग दारात ताई दिसली. वाकली. वीट उचलून तिने आत कोनाड्यात ठेवली, टाकली नाही. दार सावकाश मिटले. अडसर पडल्याचा आवाज अर्थातच आला नाही.

मी हाक मारली.

“ओ.”

वादळ संध्याकाळी ओसरले. तोपर्यंत मी हाका मारत होते. आवाज पूर्ण बसला आहे. चाचणीचे निष्कर्ष उद्या लिहीन.